क्लटरिंग आणि भाषाविकार

क्लटरिंग हा वाणीच्या ओघाचा एक विकार आहे. यात बोलण्याची गती अतिजलद किंवा अनियमित होते, शब्दांतील अक्षरे गळतात अथवा एकमेकांत मिसळतात, वाक्ये मध्येच तुटतात आणि ऐकणाऱ्याला आशय समजणे कठीण जाते. मराठीत अशा बोलण्याला ‘शब्द खाणे’, ‘घाईत बोलणे’ किंवा ‘भरभर व गुरफटलेले बोलणे’ असे म्हटले जाते. या विकारासाठी मराठीत एकच रूढ संज्ञा नसल्याने ‘क्लटरिंग’ हा शब्द लिप्यंतर करून वापरतात.

क्लटरिंग असलेल्या व्यक्तीची वाक्ये विस्कळीत असल्यामुळे तिला भाषाच नीट येत नाही, असा समज होऊ शकतो. याउलट, ज्या मुलाला खरोखरच भाषाविकार आहे त्याच्या तुटक वाक्यांना ‘घाई करतो’ असे म्हणून दुर्लक्षिले जाण्याचाही संभव असतो. वाणी आणि भाषा या दोन वेगळ्या क्षमता आहेत. बिघाड त्यांपैकी कोणत्या क्षमतेत आहे, यावर उपचारांची दिशा, शाळेतील मदत आणि काही प्रमाणात कायदेशीर सवलतीही अवलंबून असतात. म्हणून क्लटरिंग व भाषाविकार यांचा संबंध हा वाचा-उपचारशास्त्रातील महत्त्वाचा विषय आहे.

व्याख्या

केनेथ सेंट लुइस आणि कॅट्रिन शुल्ट यांनी २०११ मध्ये मांडलेली व्याख्या सध्या मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यानुसार क्लटरिंग ठरण्यासाठी व्यक्तीच्या स्वतःच्या भाषेतील संभाषणाचे काही भाग ऐकणाऱ्याला फार जलद, फार अनियमित किंवा दोन्ही वाटले पाहिजेत. त्याबरोबर पुढीलपैकी किमान एक लक्षण असावे लागते.

• सर्वसाधारण अडखळण्याचे प्रमाण जास्त असणे. उदाहरणार्थ, वाक्य अर्धवट सोडून नव्याने सुरू करणे, ‘म्हणजे’, ‘ते हे’ असे भरीचे शब्द वारंवार येणे.
• अक्षरे गळणे किंवा एकमेकांत दबून जाणे.
• विराम, आघात किंवा लय असाधारण असणे.

या व्याख्येत भाषेची उणीव, अवधानाची उणीव किंवा हस्ताक्षरातील दोष यांना आवश्यक लक्षणांचे स्थान दिलेले नाही. ही लक्षणे क्लटरिंगबरोबर आढळू शकतात, मात्र निदानासाठी ती असलीच पाहिजेत असे नाही.

भाषाविकारात बिघाड शब्दसंपत्ती, व्याकरण, वाक्यरचना, अर्थग्रहण किंवा भाषेचा प्रसंगोचित वापर यांत असतो. लहानपणापासून असणाऱ्या आणि श्रवणदोष, मेंदूची इजा अशा अन्य ज्ञात कारणाशी न जोडता येणाऱ्या भाषाविकाराला ‘विकासात्मक भाषाविकार’ म्हणतात. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने २०१६-१७ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीतून ही संज्ञा रूढ झाली. मेंदूला इजा झाल्यानंतर आधी आत्मसात असलेली भाषा बाधित होते, त्याला वाचाघात म्हणतात.

संकल्पनेचा इतिहास

जर्मन वैद्यकात या विकारासाठी ‘पोल्टर्न’ ही संज्ञा पूर्वीपासून प्रचलित आहे. वैद्यकीय ग्रंथांत त्यासाठी ‘टॅकिफेमिया’ हे नावही आढळते. दीर्घकाळ क्लटरिंगचा उल्लेख तोतरेपणाच्या चर्चेत दुय्यम विषय म्हणून होत असे.

व्हिएन्नामध्ये घडलेले आणि नंतर अमेरिकेत काम केलेले वाचातज्ज्ञ डेसो वाइस यांचा ‘क्लटरिंग’ हा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइस यांच्या मते क्लटरिंग हे एका खोलवरच्या ‘मध्यवर्ती भाषिक असंतुलना’चे बाहेर दिसणारे रूप आहे. वाचन, लेखन, लय, संगीत आणि विचारांची मांडणी या सर्वांवर या असंतुलनाचा परिणाम होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. बोलण्यातील अतिरिक्त पुनरावृत्ती, अल्प अवधान आणि स्वतःच्या दोषाची अपुरी जाणीव ही तीन लक्षणे त्यांनी अनिवार्य मानली. या मांडणीत क्लटरिंग हा मुळातच भाषेचा विकार ठरतो. अमेरिकी तज्ज्ञ डेव्हिड डेली यांनीही १९९० च्या दशकात क्लटरिंगचे वर्णन वाणी आणि भाषाप्रक्रिया या दोहोंचा विकार असे केले.

पुढील संशोधकांना असे आढळले की, क्लटरिंग असलेल्या अनेक व्यक्तींची शब्दसंपत्ती आणि व्याकरण उत्तम असते, तसेच त्यांचे लेखनही सुसंगत असते. यामुळे गती आणि लय यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या व्याख्या पुढे आल्या. ब्रिटिश संशोधक डेव्हिड वॉर्ड यांनी क्लटरिंगच्या मर्यादेजवळ येणाऱ्या, परंतु पूर्ण निकष न गाठणाऱ्या बोलण्यासाठी ‘क्लटरिंग वर्णपट’ ही कल्पना मांडली. २००७ मध्ये बल्गेरियात क्लटरिंगविषयी पहिली जागतिक परिषद झाली आणि तेथेच आंतरराष्ट्रीय क्लटरिंग संघटनेची स्थापना झाली.

वर्गीकरणातही या विकाराचे स्थान बदलत राहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तोतरेपणा आणि क्लटरिंग यांना दोन स्वतंत्र क्रमांक आहेत. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीत क्लटरिंगची नोंद होती, परंतु १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ती वगळण्यात आली.

बोलण्याची प्रक्रिया आणि बिघाडाची जागा

डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार बोलण्याचे तीन टप्पे असतात. प्रथम काय सांगायचे ते ठरते. दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी शब्द निवडले जातात, त्यांना व्याकरणाचे रूप दिले जाते आणि ध्वनींची जुळणी होते. तिसऱ्या टप्प्यात जीभ, ओठ, टाळू व स्वरयंत्र यांच्या हालचालींतून उच्चार होतो. याखेरीज बोलणारा स्वतःचे बोलणे सतत तपासत असतो आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त करतो.

हे सर्व टप्पे एकाच वेळी चालू असतात. वाक्याचा पहिला भाग उच्चारला जात असताना पुढचा भाग जुळत असतो. त्यामुळे उच्चाराची गती भाषेच्या जुळणीला पेलेल इतकीच असावी लागते. क्लटरिंगमध्ये हा ताळमेळ बिघडतो. वाक्य पूर्ण जुळण्याआधीच ते तोंडातून बाहेर पडू लागते, स्व-तपासणीला वेळ मिळत नाही आणि बोलणारा मध्येच मागे फिरून नव्याने सुरुवात करतो.

भाषाविकारात मूळ अडचण दुसऱ्याच टप्प्याची असते. शब्द सापडत नाही, त्याचे योग्य रूप पक्के झालेले नसते किंवा लांब वाक्याची रचना पेलत नाही. येथे वेळ पुरेसा असला तरी सामग्री अपुरी पडते.

क्लटरिंगच्या मेंदूतील कारणांविषयी स्वीडिश संशोधक पेर आल्म यांनी २०११ मध्ये एक उपपत्ती मांडली. बोलण्याची सुरुवात, गती व संयम यांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या मध्यभागातील क्षेत्रांचे आणि त्यांच्याशी जोडलेल्या मूलगंडिकांचे कार्य क्लटरिंगमध्ये असंतुलित असते, असे त्यांचे म्हणणे आहे.

साम्य

दोन्ही अवस्थांत ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारे बोलणे पुष्कळदा सारखे असते. अर्धवट सोडलेली वाक्ये, दुरुस्त्या, पुनरुक्ती आणि भरीचे शब्द यांच्या गुंत्याला भाषा-अभ्यासात ‘मेझ’, म्हणजे भुलभुलैया, असे म्हणतात. पुढील काल्पनिक वाक्यात असा गुंता दिसतो : “काल आम्ही, म्हणजे बाबांनी, ते औंढ्याला जायचं होतं ना, तर गाडी, बाबांची गाडी पंक्चर, मग आम्ही, एसटीनं गेलो आम्ही.” असे वाक्य क्लटरिंग असलेले मूल बोलू शकते आणि घटनांचा क्रम लावण्यात अडचण येणारे, भाषाविकार असलेले मूलही बोलू शकते. एका वाक्यावरून दोहोंत भेद करता येत नाही.

गोष्ट सांगतानाही दोन्ही गटांत मुख्य मुद्दा हरवणे, पात्र कोणते ते न सांगता ‘तो’, ‘ती’ असे म्हणत राहणे आणि ऐकणाऱ्याला काय माहीत आहे याचा अंदाज न घेणे ही वैशिष्ट्ये आढळू शकतात.

भेद

दोन्ही अवस्थांतील मुख्य भेद पुढीलप्रमाणे सांगितले जातात.

• गती कमी केल्यावर होणारा परिणाम : क्लटरिंग असलेली व्यक्ती लक्ष देऊन सावकाश बोलली की थोड्या वेळापुरते का होईना, बोलणे लक्षणीयरीत्या सुधारते. भाषाविकारात सावकाश बोलूनही व्याकरणाच्या चुका व शब्दांची उणीव कायम राहते.
• लेखन : केवळ क्लटरिंग असल्यास पुरेसा वेळ घेऊन लिहिलेले वाक्य बहुधा शुद्ध व सुसंगत असते. भाषाविकारात बोलण्यातील उणिवा लेखनातही दिसतात.
• आकलन : क्लटरिंगमुळे इतरांचे बोलणे समजण्यात अडचण येत नाही. भाषाविकारात आकलनही बाधित असू शकते.
• प्रसंग : औपचारिक प्रसंगी किंवा ध्वनिमुद्रण चालू असताना क्लटरिंग अनेकदा कमी होते आणि घरगुती, मोकळ्या गप्पांत वाढते. भाषाविकारातील चुका प्रसंगानुसार एवढ्या बदलत नाहीत.
• चुकांचे स्वरूप : क्लटरिंगमध्ये तोच शब्द एकदा बरोबर आणि एकदा मोडलेला येतो. भाषाविकारात ठरावीक रचनांत चुका पुन्हा पुन्हा होतात.

नेदरलँड्समधील य्व्होन व्हान झालेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये क्लटरिंग असलेल्या आणि अध्ययन अक्षमता असलेल्या डच भाषक मुलांच्या भाषानिर्मितीची तुलना केली. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या चुका त्यांच्या भाषिक कौशल्यांतील उणिवांशी निगडित होत्या. क्लटरिंग असलेल्या मुलांच्या चुकांचे कारण मात्र वाक्यरचना तपासून पूर्ण करण्यास वेळ अपुरा पडणे हे असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्हान झालेन यांनी क्लटरिंगचे दोन प्रकारही सुचवले आहेत. ‘ध्वनिरचनात्मक’ प्रकारात अक्षरे गळतात व शब्द दबतात, तर ‘वाक्यरचनात्मक’ प्रकारात वाक्यांची पुनर्मांडणी व भरीचे शब्द अधिक असतात. दुसरा प्रकार भाषाविकाराच्या अधिक जवळचा दिसत असल्याने त्याचे निदान विशेष काळजीपूर्वक करावे लागते.

सहअस्तित्व

क्लटरिंग आणि भाषाविकार एकाच व्यक्तीत असू शकतात. क्लटरिंगबरोबर तोतरेपणा, अध्ययन अक्षमता, अवधान-न्यूनता व अतिचंचलता, स्वमग्नता आणि डाऊन सिंड्रोम या अवस्थाही आढळतात. अशा व्यक्तीची गती कमी केल्यावर बोलणे काही अंशी सुधारते. गोंधळाचा थर बाजूला झाल्यावर उरलेल्या चुका भाषेच्या असतात आणि त्यांच्यासाठी वेगळे उपचार लागतात.

तोतरेपणाशी क्लटरिंगची गल्लत नेहमी होते. तोतरेपणात बोलणाऱ्याला शब्द नेमका माहीत असतो, परंतु ध्वनी अडकतो, लांबतो किंवा पुन्हा पुन्हा येतो. त्याला या अडचणीची तीव्र जाणीव असते आणि अनेकदा बोलण्याची भीतीही वाटते. क्लटरिंगमध्ये स्वतःच्या बोलण्यातील दोषाची जाणीव बोलताना कमी असते. मात्र ‘काय म्हणालास?’ हा प्रश्न सतत ऐकावा लागल्याने अशा व्यक्तीही संकोची होऊ शकतात. बोबडेपणात ठरावीक ध्वनींचा उच्चार सदोष असतो, गतीचा प्रश्न नसतो.

मराठी भाषेतील स्वरूप

मराठीच्या रचनेमुळे हे निदान अधिक नाजूक होते. मराठीत विभक्ती, वचन, लिंग आणि काळ यांची माहिती बव्हंशी शब्दाच्या शेवटी येते. नामाचे सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडली जातात. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ या एका शब्दात ‘घर’ या मूळ नामानंतर अर्थाचे अनेक घटक एकामागून एक आले आहेत.

क्लटरिंगमध्ये नेमकी शब्दाच्या मधली व शेवटची अक्षरे दबतात. ‘शिक्षकांनी सांगितलं’ याऐवजी घाईत ‘शिक्षक सांगितलं’ असे ऐकू आले, तर ती व्याकरणाची चूक वाटते. प्रत्यक्षात बोलणाऱ्याला प्रत्यय ठाऊक असतो, केवळ त्याचा उच्चार गळलेला असतो. ‘महानगरपालिका’ हा शब्द ‘म्हान्पालिका’ असा झाल्यास अक्षरे गळाल्याचे सहज कळते, परंतु ‘मुलांना’ व ‘मुलाला’ यांच्यासारख्या रूपांत एखादे अक्षर दबले की वचनच बदलल्यासारखे वाटते.

भाषाविकारात चुकीचे स्वरूप निराळे असते. शाळकरी वयातील मूल सावकाश बोलतानाही ‘मुलाला’ऐवजी ‘मुलगाला’ म्हणत असेल, ‘मी आंबा खाल्ला’ याऐवजी ‘मी आंबा खाल्ली’ असे म्हणत असेल आणि हे सातत्याने घडत असेल, तर सामान्यरूप व लिंग-वचनाची सुसंगती पक्की झालेली नाही असा अर्थ होतो. अगदी लहान मुलांच्या भाषेत अशा चुका स्वाभाविक असतात, वय वाढूनही त्या टिकल्या तर तपासणी आवश्यक ठरते.

सामान्य मराठी उच्चारातही काही ‘अ’कार लोप पावतात. ‘करतो’ हा शब्द ‘कर्तो’ असा आणि ‘बसला’ हा ‘बस्ला’ असा उच्चारला जातो. हा भाषेचा नियम असून त्याला क्लटरिंग म्हणत नाहीत.

बोली व द्विभाषिकता : शिरड शहापूर परिसर

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव मराठवाड्यातील बोली आणि बहुभाषिकता यांचे उदाहरण म्हणून घेता येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. या भागातील मराठीत ‘करतो आहेस’ याऐवजी ‘करायलास’ आणि ‘जातो आहे’ याऐवजी ‘जायलोय’ अशी आटोपशीर रूपे रोजच्या वापरात आहेत. प्रमाण मराठीची सवय असलेल्या परगावच्या शिक्षकाला किंवा तपासनिसाला ही रूपे ‘अक्षरे गाळलेली’ किंवा ‘अशुद्ध’ वाटू शकतात. वस्तुतः ती त्या बोलीची नियमबद्ध रूपे आहेत आणि तेथील सर्वजण ती समजून घेतात. बोलीतील रूप हे क्लटरिंगचे किंवा भाषाविकाराचे लक्षण नाही. एखाद्या मुलाचे बोलणे त्याच्याच गावातील समवयस्क मुलांच्या तुलनेत वेगळे आहे का, हाच योग्य निकष होय.

जिल्ह्यात मराठीखेरीज बंजारा, उर्दू आणि हिंदी या भाषाही बोलल्या जातात. तांड्यावर बंजारा बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या शाळेत येते तेव्हा ते काही काळ शब्द शोधत, थांबत आणि वाक्ये बदलत बोलते. हे नवी भाषा शिकण्याचे स्वाभाविक लक्षण आहे. २०११ च्या व्याख्येत ‘स्वतःच्या भाषेतील संभाषण’ असे स्पष्ट म्हटले आहे, ते याच कारणासाठी महत्त्वाचे ठरते. अडचण घरच्या भाषेतही असेल तरच विकाराची शक्यता विचारात घ्यावी लागते. त्यामुळे आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्याकडून घरच्या बोलण्याविषयी माहिती घेणे हा तपासणीचा आवश्यक भाग असतो.

मूल्यमापन

निदान वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. प्रथम श्रवणशक्ती तपासली जाते. त्यानंतर मोकळ्या गप्पा, चित्रवर्णन, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणे, मोठ्याने वाचन आणि लेखन असे वेगवेगळे नमुने घेतले जातात. एकाच नमुन्यावर अवलंबून राहिल्यास क्लटरिंग निसटते, कारण परक्या व्यक्तीसमोर मूल सांभाळून बोलते. म्हणून घरी केलेले ध्वनिमुद्रण उपयुक्त ठरते.

नमुन्यांतून बोलण्याची गती, गळलेली अक्षरे, भुलभुलैयांचे प्रमाण आणि व्याकरणाच्या चुका स्वतंत्रपणे मोजल्या जातात. डेव्हिड डेली यांची २००६ ची ३३ विधानांची क्लटरिंग-सूची प्राथमिक चाळणीसाठी वापरली जाते. ती इंग्रजी भाषकांसाठी तयार झालेली असल्याने मराठी भाषकांबाबत तिचा उपयोग तारतम्याने करावा लागतो. शब्दसंपत्ती, वाक्य-आकलन व व्याकरण यांच्या चाचण्या घेऊन भाषाविकाराची शक्यता तपासली जाते.

उपचार

क्लटरिंगच्या उपचारांत पहिली पायरी जाणीव निर्माण करण्याची असते. व्यक्तीला तिचे ध्वनिमुद्रित बोलणे ऐकवून कोणता भाग कळला नाही हे तिलाच शोधायला सांगितले जाते. त्यानंतर अर्थपूर्ण वाक्यखंडानंतर थांबणे, लांब शब्दांतील प्रत्येक अक्षर उच्चारणे, शब्दाचा शेवट स्पष्ट करणे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याला समजले की नाही हे ओळखणे यांचा सराव होतो. केवळ ‘सावकाश बोल’ असे वारंवार सांगण्याचा परिणाम काही क्षणच टिकतो. कोठे थांबायचे हे शिकवल्यास तो अधिक काळ राहतो.

भाषाविकार असल्यास शब्दसंपत्ती वाढवणे, व्याकरणाच्या रचना टप्प्याटप्प्याने शिकवणे, घटनांचा क्रम चित्रांच्या साहाय्याने लावणे आणि गोष्टीची चौकट समजावणे यांवर भर असतो. अशा मुलाला केवळ गती कमी करायला शिकवल्यास मूळ उणीव तशीच राहते. उलटपक्षी, व्याकरण पक्के असलेल्या क्लटरिंगग्रस्त मुलाला व्याकरणाचे धडे गिरवायला लावणे निष्फळ ठरते. दोन्ही असल्यास दोन्हींवर एकत्र काम करावे लागते.

शिक्षण, आरोग्यसेवा व कायदा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. तपासणीच्या यादीत भाषाविकासातील विलंब, अध्ययन अक्षमता आणि अवधान-न्यूनता यांचा समावेश आहे, क्लटरिंगचा स्वतंत्र उल्लेख नाही. पुढील तपासणीसाठी मुलांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

वाणी व श्रवण क्षेत्रातील प्रमुख संस्थांमध्ये म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (१९६५) आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था (१९८३) यांचा समावेश होतो. शिरड शहापूरपासून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे. त्यामुळे ग्रामीण भागात शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि तपासणी पथक यांनी केलेली पहिली नोंद विशेष मोलाची ठरते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातील ‘वाणी व भाषा दिव्यांगत्व’ या प्रकाराच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकणे किंवा वाचाघात यांसारख्या शारीरिक अथवा चेतासंस्थेच्या कारणांनी आलेले कायमस्वरूपी दिव्यांगत्व अभिप्रेत आहे. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’च्या व्याख्येत मात्र बोली किंवा लेखी भाषेवर प्रक्रिया करण्यातील उणीव आणि त्यामुळे समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांत येणारी अडचण यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या जातात. परिणामी, भाषाप्रक्रियेतील उणीव योग्य वेळी ओळखली गेली तर विद्यार्थ्याला या तरतुदींचा लाभ मिळू शकतो. तीच उणीव ‘घाईचे बोलणे’ म्हणून दुर्लक्षिली गेल्यास तो त्यापासून वंचित राहतो.

केवळ क्लटरिंग असलेल्या विद्यार्थ्याची गरज वेगळी असते. तोंडी परीक्षेत व प्रकट वाचनात त्याचे ज्ञान त्याच्या उच्चारामागे झाकले जाते. उत्तर पुन्हा सांगण्याची मुभा, थोडा अधिक वेळ आणि लेखी उत्तराचा पर्याय या साध्या सोयी वर्गपातळीवर देता येतात. लेखी उत्तरे सुसंगत असूनही तोंडी उत्तरे कळत नाहीत, ही विसंगती शिक्षकाच्या लक्षात येणे हा अशा मुलाच्या निदानातील बहुधा पहिला धागा असतो.

हेसुद्धा पहा

• तोतरेपणा
• वाचाघात
• अध्ययन अक्षमता
• मराठी भाषेच्या बोली